बाराव्याच्या आदल्या दिवशीची तारीख

माझा आवाज मोठा आहे. उभा जन्म उद्यमनगरातल्या फाउंड्रीत गेला. भट्टी, ब्लोअर आणि हातोड्यांच्या आवाजात शेजारच्याला 'सरक' म्हणायचं तरी ओरडावं लागायचं. चौथीपर्यंत शाळा झाली आणि मग साच्यांत माती भरायला लागलो, ते कान बसेपर्यंत. बायको म्हणायची, ह्यांनी कानात काही सांगितलं की सगळ्या पेठेला कळतं. त्यामुळं त्या केंद्रात पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या ताईंनी मला हाताला धरून बाहेरच्या पडवीत आणून बसवलं, त्याचा राग आला, पण नवल वाटलं नाही.

केंद्र म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. लहान पोरांवर कुणी वाईट हात टाकला तर त्यांना घेऊन जायची ती जागा. आतल्या एका गल्लीतलं जुनं बैठं घर आहे. बाहेरच्या पाटीवरून आत काय चालतं ते कळू नये अशीच पाटी आहे. माझी समजूत अशी, की अशा वेळी आधी पोलीस चौकी, मग दवाखाना, मग कोर्ट, आणि प्रत्येक ठिकाणी पोरानं नव्या माणसापुढं तेच तेच बोलायचं. इथं उलटं होतं. पोलीसबाई साडी नेसून तिथं आली. डॉक्टरीण तिथं आली. पोरगी एका ताईबरोबर खेळण्यांच्या खोलीत बसली, जे सांगायचं ते तिनं एकदा सांगितलं, आणि ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी पलीकडच्या खोलीत बसून ऐकलं.

ती पोरगी म्हणजे माझी नात. मला एकच मुलगी. जावई सोडून गेल्यापासून ती आणि तिची लेक आमच्याकडंच राहतात. मुलगी कागलच्या एमआयडीसीत शिवणकाम करते, त्यामुळं नात वाढली ती आज्जीच्या हातात. नऊ वर्षांची आहे. आणि ज्यानं केलं तो बाहेरचा नव्हता. बायकोच्या सख्ख्या भावाचा मुलगा, कोडोलीचा. नोकरीला लागला म्हणून कोल्हापुरात आमच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहिला होता. नात त्याला मामा म्हणायची.

त्यानं काय केलं ते इथं लिहिणार नाही. मला सगळं माहीतही नाही. ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, तिला घरी कुणी खोदून विचारायचं नाही. ती आपण होऊन बोलली तर ऐकायचं, आणि मधे बोलायचं नाही. मी विचारलं, "मी तिचा आजा हाय. मला बी कळू नये?" ताई म्हणाल्या, "तुम्हाला कळून तिला काय मिळणार आहे?" मी परत पडवीत जाऊन बसलो.

नातीनं पहिल्यांदा सांगितलं ते आज्जीला. माळ्यावर चहा न्यायला नको म्हणाली, का म्हणून विचारलं तर तिनं सांगितलं, आणि बायकोनं हातातला कप खाली ठेवला. आरडाओरडा केला नाही. संध्याकाळी त्या पोराचं अंथरूण-पांघरूण आणि बॅग रस्त्यावर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या अंगणवाडीच्या बाईंना विचारून नातीला त्या केंद्रात घेऊन गेली. तिचा भाऊ आला, पाया पडला, भावजय रडली. बायको त्यांना एवढंच म्हणाली, की माझ्या लेखी कोडोली गाव नकाशावर राहिलं नाही. ती पन्नास वर्षं माहेराहून आलेल्या गुळाशिवाय पोळी न करणारी बाई. त्या संक्रांतीला तिनं दुकानातला गूळ आणला.

दर शनिवारी ती नातीला घेऊन केंद्रात जायची. तिथं पोरं चित्रं काढतात, मातीचं काहीबाही करतात, कधी नुसती बसतात. मला वाटायचं हे कसलं औषध. पण पोरगी रात्री झोपायला लागली. खटला उभा राहिला तेव्हा ताईंनी आणखी एक गोष्ट केली. कोर्टाला सुट्टी असताना परवानगी काढून नातीला आणि आज्जीला ते रिकामं कोर्ट दाखवून आणलं. जजसाहेबांची खुर्ची कुठं, वकील कुठं उभे राहणार, ती कुठं बसणार, आणि मधे पडदा लावतात तो कसा. पोरीला पडद्यावर विश्वास बसेना. मग आमची बायको, गुडघे धरून चालणारी, पडद्यामागं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दिसत्ये का गं मी?" नात म्हणाली, "न्हाय." "मग त्याला तरी तू कुठं दिसणार?" घरी येऊन हे सांगताना बायकोला हसू आवरत नव्हतं. म्हणाली, कोर्टात पडद्यामागं उभी राहिलेली पेठेतली पहिली बाई मीच असणार.

नातीच्या साक्षीची तारीख लागली. तिथं आज्जीनं नातीशेजारी बसायचं असं ठरलं होतं. कारण आज्जीची साक्ष आधीच होऊन गेली होती, पोरीच्या आईची व्हायची होती, आणि ज्याची साक्ष व्हायची आहे त्याला दुसऱ्याची साक्ष चालू असताना आत बसता येत नाही. तारखेआधी बायको गेली. सकाळी भाकरी थापताना छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तव्यावरची भाकरी शेजारणीनं उतरवली.

मला मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला. पंचगंगेच्या घाटावर न्हाव्यानं डोकं आणि मिशी उतरवली. घरी आलो तर नात मला बघून आईच्या पाठीमागं गेली. त्यानंतर ती माझ्याजवळ येईना. ताट आणून ठेवायची आणि निघून जायची. मी म्हटलं, असू दे.

रक्षाविसर्जनाला मेव्हणा आला. बहीण होती, येणारच. घाटावर तो धाय मोकलून रडला आणि ते रडणं खोटं नव्हतं, हे मी कुणापुढंही सांगेन. घरी आल्यावर माणसं पांगली, तो मागं राहिला. भिंतीला टेकून बसला.

"दाजी, तारीख कधी हाय?"

त्याला माहीत होती. तरी मी सांगितली. बाराव्याच्या आदल्या दिवशी.

"सुतकात कोर्टाची पायरी चढणार व्हय? माझ्या भनीचं बारावं व्हायचं हाय अजून."

मग तो खरं बोलायला लागला. म्हणाला, पोरगी लहान आहे, विसरून जाईल; उद्या तिचं लग्न बघताना हेच आडवं येईल; पोराची नोकरी गेली, तेवढी शिक्षा त्याला पुष्कळ झाली. ही तारीख तेवढी जाऊ दे, पुढं वकील बघून घेतील. आणि शेवटी म्हणाला, "बाराव्याला टोपी घिऊन मला यायचं हाय. तुम्ही आदल्या दिशी तिकडं गेलासा, तर मी हिकडं कुठल्या तोंडानं येऊ?"

आमच्यातली ही रीत आहे. बायको गेली की नवरा बारावं होईपर्यंत बोडका राहतो. बाराव्याला तिच्या माहेरचे टोपी-टॉवेल घेऊन येतात, मेव्हणा चारचौघांत ती टोपी डोक्यावर घालतो, आणि मग दुखवटा उतरला असं धरतात. माणूस पुन्हा बाहेर पडायला मोकळा. माहेराहून टोपी आली नाही तर लोक मेलेल्या बाईला नावं ठेवतात, की हिच्यामागं कुणी नव्हतं. मेव्हण्याला हे ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. तो उठला, चपला घातल्या आणि गेला.

दोन बाजूंनी डोकं फिरलं. मला वाटलं, तारीख काय, पुढची मिळेल. बारावं पुढचं मिळणार नाही. सुतकात दुसऱ्याच्या घरात जात नाहीत, म्हणून मी केंद्राच्या फाटकाबाहेर उभा राहिलो आणि हाक मारली. अख्ख्या गल्लीनं खिडक्या उघडल्या. ताई चपला न घालता पळत बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं, टोपीचंसुद्धा. त्या टोपीला हसतील अशी मला भीती होती. हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, माहेरचे नाही आले तर लोक काय म्हणतील, आणि ते तुम्हाला किती लागेल. मी म्हटलं, मला न्हाय लागत, तिला लागलं असतं.

मग त्या म्हणाल्या, "आजोबा, पुढची तारीख मागता येते. आपण सरकारी वकिलांना सांगू, ते मागतील, घरात दुःख झालंय म्हणून कोर्ट देईलही. पण हे तुम्ही-मी ठरवायचं नाही. तिला विचारू."

"नऊ वर्साच्या पोरीला इचारायचं?"

"तारीख तिची आहे."

मी रागानं वळलो. तेवढ्यात त्या मागून म्हणाल्या, की घरी येऊन तारखेबद्दल कुणी असं बोललं तर ते माझ्यापासून लपवू नका, वकिलांच्या कानावर घालावं लागतं. म्हणजे मेव्हण्याचं बोलणंही आता कोर्टापर्यंत जाणार होतं. मला ते आवडलं नाही. पण मी 'सांगू नका' असंही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई आमच्या घरी आल्या. सुतकाच्या घरी चहापाणी नसतं. नुसत्या बसल्या. नातीशेजारी जमिनीवर बसून आधी आज्जीबद्दलच बोलल्या. आज्जी कुठं झोपायची, भाजी कशी चिरायची. पोरगी बोलत गेली, रडली, पुन्हा बोलली. मुलीनं आणि मी बाहेरच्या सोप्यातच बाजूला बसून ऐकलं. मग ताईंनी तारखेचं सरळ सांगितलं. ही तारीख ठेवता येते, पुढची मागताही येते, दोन्हीत तुझी काही चूक नाही, आणि आज्जीशिवाय जायचं म्हणजे अवघड आहे.

नात बराच वेळ फरशीवर बोटानं रेघा ओढत बसली. म्हणाली, "पुढं नको. पुढं गेली की मला परत रोज आठवायला लागंल."

माझी मुलगी तोंडावर पदर घेऊन आत गेली. नातीनं ताईंना विचारलं, "आज्जी न्हाय, तर माझ्याजवळ कोण बसणार?"

"तू म्हणशील तो. आई सोडून."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी सावरून बसलो. ती म्हणाली, "आजोबा नकोत. त्ये मधीच बोलतील. तुम्ही बसा."

ताईंना हसू आलं आणि मलाही, खरं सांगायचं तर. पण पोरीचं संपलं नव्हतं. "आजोबांनी बाहेर बसायचं. पर टोपी घालून."

मी विचारलं, "का गं?"

"टोपी न्हाय घातली की आज्जी मेल्याली आठवती."

तेव्हा मला कळलं ती माझ्याजवळ का येत नव्हती. ताई गेल्यावर मी ट्रंक उघडली, कारखान्याच्या पूजेला घालायची पांढरी टोपी होती ती काढली आणि डोक्यावर घातली. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, "आप्पा, बारावं व्हायच्या आधी? माझा मामा काय म्हणंल? भावकी काय म्हणंल?" मी म्हटलं, म्हणू दे काय म्हणायचं ते. त्या रात्री नात माझ्या शेजारी जेवायला बसली.

तारखेच्या सकाळी रिक्षात मी तिला सांगायला लागलो, की भिऊ नको, मोठ्यानं बोल, जजसाहेबांच्या डोळ्यात बघून बोल. ताई पुढं बसल्या होत्या. मागं वळून म्हणाल्या, "आजोबा, तिला काय बोलायचं, कसं बोलायचं, हे कुणीच सांगायचं नाही. मीसुद्धा सांगत नाही." मग मी शहाण्यासारखा रस्त्याकडं बघत बसलो.

ताईंनी नातीला बाजूच्या दारानं आत नेलं, समोरासमोर गाठ पडू नये म्हणून. मी आणि मुलगी व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलो. चहाच्या टपरीजवळ मेव्हणा उभा होता. त्याच्या मागं तो, मोबाईलमध्ये मान घालून. जामिनावर सुटल्यापासून जाड झाला होता. माझे हात अजून फाउंड्रीतलेच आहेत. मुलीनं माझी बाही घट्ट धरून ठेवली. ताईंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की तुम्ही तिथं आरडाओरडा केलात तर पोरीच्या केसला ते बाधेल. फक्त तेवढ्यासाठी मी बसून राहिलो.

मेव्हणा जवळ आला. त्याची नजर आधी माझ्या डोक्यावर गेली.

"दाजी, टोपी कुणी घातली?"

"नातीनं."

तो म्हणाला, "म्हंजे आमचं आता काय काम न्हाय म्हणा की."

"न्हाय," मी म्हटलं. हळूच म्हटलं असावं, कारण त्यानं कान पुढं केला. मग मी दुसऱ्यांदा म्हटलं. तो परत टपरीकडं गेला.

आत काय झालं ते मी बघितलं नाही. बंद दाराआड चालतं ते, आणि तसंच असावं. मधे एकदा दार उघडलं आणि नात ताईंबरोबर बाहेर आली. मला वाटलं, झालं, पोरगी मोडली. पण ती शेजारच्या छोट्या खोलीत गेली, पाणी प्यायली, कागदावर काहीतरी रंगवत बसली, आणि आपण होऊन उठून परत गेली. थांबावंसं वाटलं की तिनं ताईंच्या हाताला चिमटा काढायचा असं त्यांचं ठरलेलं होतं. जाताना माझ्याकडं बघितलं. टोपी आहे का ते बघितलं असणार.

दुपार उलटल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, भूक लागली. आम्ही बाहेर पडून मिसळ खाल्ली. सुतकात बाहेरचं खात नाहीत. खाल्ली. कटाच्या तिखटानं तिच्या नाकातून पाणी आलं आणि ती आईला म्हणाली, अजून एक पाव.

साक्षीतली एकच गोष्ट तिनं मला आपण होऊन सांगितली. समोरच्या वकिलानं जजसाहेबांमार्फत विचारलं होतं, की हे बोलायला तुला कुणी शिकवलं. ही म्हणाली, "आजोबांनी रिक्षात सांगितलं, मोठ्यानं बोल. मग ताई त्यांना रागावल्या." मी ताईंकडं बघितलं, म्हटलं माझ्यामुळं बुडाली काय केस. ताई म्हणाल्या, "खरं तेच सांगितलं तिनं. जजसाहेबांनी तेही लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं." नात म्हणाली, "मी मोठ्यानं बोलले न्हाय, पण." आणि पुन्हा खायला लागली.

जाताना तिनं ताईंना विचारलं, परत सांगायला लागणार का. मला वाटलं, ताई म्हणतील, नाही बाळा, संपलं सगळं. मी तसंच म्हटलं असतं. त्या म्हणाल्या, "बहुतेक नाही. लागलंच, तर तुला आधी कळेल, आणि मी बरोबर असेन." पोरीनं मान हलवली. तिला ते पुरलं.

बाराव्याला कोडोलीहून कुणी आलं नाही. भावकीतल्या एका म्हातारीनं जेवताना मोठ्यानं विचारलं, माहेरचं कुणी दिसत न्हाय ते. मी म्हटलं, काल कोर्टात भेटलो, आज भेटायचं राहिलं न्हाय. पंगतीत सगळ्यांच्या माना खाली गेल्या. म्हातारीनं मात्र भाताचा पुढचा घास घेतला आणि म्हणाली, बरं केलंसा. तिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

निकाल अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा लागेल. नात शनिवारी केंद्रात जातच राहिली. मी विचारलं, साक्ष झाली, आता कशाला? ताईंनी सांगितलं, ते कोर्टासाठी कधीच नव्हतं, ते तिच्यासाठी आहे. मग मी आज्जीच्या जागी तिला घेऊन जायला लागलो. पडवीत बसायचो. कधी दुसऱ्या कुठल्या गावाहून आलेला आजा किंवा बाप शेजारी बसलेला असायचा, चपलेकडं बघत. मी त्याला काही विचारायचो नाही. एकदा शाहूवाडीकडच्या एका पावण्यानं मला विचारलं, हितं काय करत्यात पोरांचं? मी म्हटलं, ऐकून घेत्यात. तो म्हणाला, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, पर एकदाच.

मागच्या शनिवारी नात वेणी घालून तयार झाली आणि मी काठी शोधत होतो, तर म्हणाली, "आजोबा, तुम्ही आलं न्हाय तरी चालंल. आईला सुट्टी हाय, ती फाटकापतूर सोडंल. आत मी जात्ये."

"एकटी?"

"एकटी कुठं, ताई हायत की."

दोघी गेल्या. मी दार लोटलं. घर रिकामं होतं. बायको गेल्यापासून मी घरात एकटा असा कधी नव्हतोच. आधी माणसं, मग तारीख, मग बारावं, मग पोरीचा शनिवार. स्वयंपाकघरात गेलो. तिचं पोळपाट भिंतीला उभं होतं. तिथंच खाली बसलो आणि माझ्या मोठ्या आवाजात रडलो, शेजारीपाजारी ऐकतील त्याची पर्वा न करता. शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं ओ. मी म्हटलं, काय न्हाय, मंडळी आठवली. ती म्हणाली, बरं.

मग उठून तोंड धुतलं आणि भात टाकला. केंद्रातून आली की नात आल्या आल्या जेवायला मागते.